सातानं अडवलेले नऊजण
रंकाळ्याच्या कठड्यावर बसून भेळ खाताना भाचीनं कागदाच्या कोपऱ्यावर ३८१६५४७२९० असं लिहिलं. "मामा, हा नंबर कुणाचा वळख बघू?" मोबाइलचा नक्कीच नव्हता, आपल्याकडचे नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात.

० ते ९ हे सगळे अंक त्यात एकेकदाच आलेत. डावीकडून वाचत जा. ३८ ला दोननं भाग जातो, ३८१ ला तीननं, ३८१६ ला चारनं, असं करत अख्ख्या आकड्याला दहानं. या दहा अंकांपासून ३२,६५,९२० दहाअंकी संख्या होतात. हे जमतं फक्त हिला.

एवढ्या लाखांतून ती शोधायची कशी? कागदावर, भेळ संपायच्या आत. शेवटी शून्य हवं, मग पाचव्या घरात ५ च. दुसरं, चौथं, सहावं, आठवं घर सम अंकांचं, म्हणजे विषम अंक उरलेल्या घरांत. तिसरा अंक विषम असल्यानं चारच्या कसोटीला चौथ्या घरात २ किंवा ६ च चालतो. आठव्या घराचंही तसंच. मग ४ आणि ८ जातात दुसऱ्या नि सहाव्या घरात. चौथ्या, पाचव्या, सहाव्या अंकांच्या बेरजेला तीननं भाग जायला हवा, म्हणून मधे २५८ किंवा ६५४. तीन आणि आठच्या कसोट्या पुऱ्या लावल्या की उरतात फक्त दहा संख्या. नऊची काळजीच नाही, १ ते ९ ची बेरीज ४५.

राहिला सात. या दहांत आपली सरळसोट ९८७६५४३२१० सुद्धा असते, पण ९८७६५४३ ला सातनं भागलं की बाकी ५. सात दहातल्या नऊजणांना अडवतो.

अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर? नव्या घरात दहा अंकांपैकी एक बसवायचा. तिसऱ्या घरात तीन-चार अंक चालतात, नवव्यात एखाद-दुसरा. दहाव्यात फक्त शून्य, त्यामुळे नऊअंकी २४९२ आणि दहाअंकीही तेवढ्याच. पुढं मात्र घर वीस-एकविसावं असेल तर निम्म्याहून जास्त वेळा एकही अंक बसत नाही. गर्दी विरळ होत जाते. उपयोग काय याचा? काही नाही. रंकाळ्यावर बसण्याचा तरी कुठं असतो?

पंचवीस अंकांपर्यंत एकटीच पोचते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. भाची म्हणाली, "सव्विसावा?" शून्य जोडून सव्वीसनं भागलं की बाकी १२ उरते. भाग जायला अजून १४ हवेत, आणि एका घरात १४ मावत नाहीत.