नैराश्यात लक्ष न लागणं म्हणजे आळस नव्हे

‘नैराश्य म्हणजे नुसती उदासी; विसरणं, कामं रेंगाळणं हा आळस आहे, मनावर घेतलं की जातो.’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतोही, कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

आधी निदानाचे निकष पाहा. डॉक्टर वापरतात त्या एका प्रचलित यादीत 9 लक्षणं आहेत. विचार करणं, एकाग्र होणं किंवा निर्णय घेणं जड जाणं हे त्यातलं स्वतंत्र लक्षण आहे. म्हणजे ही अडचण आजाराचाच भाग आहे.

आता मेंदूकडे वळू. त्याचे भाग जाळ्यांसारखे एकत्र काम करतात. आपण स्वतःविषयी विचार करतो तेव्हा एक जाळं जास्त सक्रिय असतं आणि कामात लक्ष घातलं की सहसा ते शांत होतं. नैराश्य असलेल्यांच्या अनेक अभ्यासांत ही अदलाबदल वेगळी दिसली आहे. तेच ते विचार घोळत राहण्याशी हे जुळतं. पण हा फरक गटांच्या सरासरीत दिसतो. एकट्या माणसाचा स्कॅन पाहून नैराश्याचं निदान होत नाही, आणि मेंदू कायमचा बिघडला असाही त्याचा अर्थ नाही.

पडताळायचं कसं? आळसात नावडती कामं टळतात; इथे आवडीचं पुस्तकही पानभर वाचवत नाही. लक्ष, स्मरण आणि वेग मोजणाऱ्या चाचण्याही असतात. थायरॉइडचा त्रास, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा अपुरी झोप यांमुळेही असंच होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. मनःस्थिती सुधारल्यावरही काहींची ही अडचण काही काळ राहते; तीही डॉक्टरांना जरूर सांगा.