माइनक्राफ्ट : शिक्षणातील वापर

माइनक्राफ्ट हा ठोकळे रचून जग उभारण्याचा संगणकीय खेळ. त्याची पूर्ण आवृत्ती २०११ मध्ये आली आणि फिनलंडच्या टीचरगेमिंग कंपनीने वर्गासाठी तिचे ‘माइनक्राफ्टएज्यू’ हे रूप काढले. मूळ खेळ २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला, आणि १ नोव्हेंबर २०१६ पासून शाळांसाठी वेगळी आवृत्ती मिळू लागली.

गणिताला हा खेळ सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण त्यातला प्रत्येक ठोकळा १ मीटर बाजूचा घन असतो आणि सामानाच्या एका कप्प्यात बहुतेक ठोकळे ६४ मावतात. ६४ ठोकळ्यांचा ४×४×४ घन होतो, ८×८ ची फरशी होते किंवा एक लांबलचक रांग होते. घनफळ तिन्हींचे सारखेच. पृष्ठफळ मात्र अनुक्रमे ९६, १६० आणि २५८ चौ. मी. भरते. मुले हमखास चुकतात ती तळाशी. जमिनीला टेकलेली बाजू दिसत नाही म्हणून ती मोजली जात नाही आणि घनाचे उत्तर ८० येते. यावर उपाय खेळातच आहे: एका खांबावर घन रचायचा आणि मग खांब काढून टाकायचा. घन अधांतरी राहतो, मुले खालून चालत जाऊन तळ मोजतात.

अर्थात घन अधांतरी राहतो हे भौतिकशास्त्राच्या तासाला चालणार नाही. या जगात वाळू आणि खडी खाली पडते, दगड पडत नाही. २×२ च्या खड्ड्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन बादल्या पाणी ओतले, की ते कितीही उपसले तरी संपत नाही. रेडस्टोन या खेळातल्या लाल खनिजाच्या भुकटीतून जाणारा संकेत वीजप्रवाहासारखा वाटतो, पण त्याला परतीची तार लागत नाही. दर ठोकळ्याला तो एकाने घटतो आणि पंधरा ठोकळ्यांनंतर संपतो. त्यामुळे रेडस्टोनवर विद्युतमंडल शिकवू नये, तर्कद्वारे (लॉजिक गेट, म्हणजे हो-नाही संकेतांवर चालणारी जोडणी) शिकवावीत. ठोकळ्याला संकेत मिळाला की त्यावर लावलेली रेडस्टोन मशाल विझते, म्हणजे नकारद्वार (संकेत उलटा करणारे ‘नॉट गेट’) आयतेच मिळते.

महाराष्ट्रातल्या मुलांना दिवाळीत किल्ला करण्याची सवय असते, म्हणून प्रमाणाच्या पाठाला किल्ला सोयीचा. सध्याच्या जगाची उंची ३८४ ठोकळे आहे आणि त्यातला बराच भाग जमिनीखाली जातो. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर, म्हणजे खऱ्या मापात तो मावत नाही. एक ठोकळा = ४ मीटर धरला तर २०५ ठोकळ्यांत डोंगर बसतो, पण २ मीटरचा दरवाजा अर्ध्या ठोकळ्याचा होतो! डोंगर लहान प्रमाणात आणि महादरवाजा वेगळा, खऱ्या मापात करून घ्यावा.

तासिका बिघडते ती बहुधा तयारीअभावी. शिक्षकाने आपल्या यंत्रावर जग उघडून यजमान व्हायचे आणि मिळालेला चित्रांचा संकेत फळ्यावर लिहायचा. मुले तीच चित्रे त्याच क्रमाने निवडून आत येतात. कोणी आत येत नसेल, तर आधी आवृत्ती जुळते का ते पाहावे. सर्वांचीच अडचण असेल, तर शाळेच्या वायफायवर यंत्रांचा आपसातला संपर्क बंद ठेवलेला असण्याची शक्यता मोठी. खेळातला पूर्ण दिवस २० मिनिटांचा असल्याने ३५ मिनिटांच्या तासिकेत रात्र होतेच, म्हणून ‘सदैव दिवस’ चालू आणि काठिण्य ‘शांत’ (म्हणजे राक्षस हल्ला करत नाहीत असे) ठेवावे. एकमेकांची बांधकामे फोडण्यावरून भांडणे होतात. गटागटांत सीमा-ठोकळे घातले की मुलांना पलीकडे जाता येत नाही. पहिली तासिका फक्त चालणे, ठोकळा ठेवणे आणि काढणे यालाच द्यावी. त्याच दिवशी धडाही घ्यायला गेल्यास खेळ येणारी दोन-चार मुलेच सगळे बांधतात, बाकीची बघत बसतात.

यजमानाने जग बंद केले की सगळे बाहेर फेकले जातात. त्यामुळे घंटा होण्याच्या पाच मिनिटे आधी मुलांना आपल्या कामाची छायाचित्रे खेळातल्या कॅमेऱ्याने काढायला सांगावीत, आणि वर्ग सुटल्यावर जगाची एक प्रत फाइल म्हणून वेगळी जपून ठेवावी.