लिंबाएवढा ठिपका, बोटाएवढं अक्षर

आत्याची नजर गेल्यावर तिला ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावाच्या ठिपक्यांची लिपी, शिकवायला मी हौसेनं अंड्यांचा ट्रे कापून सहा खळग्यांचा तुकडा केला. त्यात मी लिंबं ठेवायची आणि तिनं हात फिरवून अक्षर ओळखायचं. वर डावीकडे एकच लिंबू म्हणजे अ, डावी रांग भरली की ल, उजवी भरली की ळ. आठवड्यात निम्मी अक्षरं पाठ! मग खरं ब्रेलचं पान हातात दिलं तर म्हणाली, "अगं, हा तर सांडलेला रवा आहे."

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, पण मागे जाऊन बघितलं तर ठिपके मोठे हवेत की छोटे हे प्रकरण ब्रेल लिपीच्याही आधीचं निघालं.

लुई ब्रेल १८०९ साली पॅरिसजवळच्या कुव्रे गावात जन्मला. वडील खोगीर-लगाम बनवायचे, आणि तीन वर्षांचा असताना त्यांच्याच आरीनं याचा एक डोळा गेला, मग इन्फेक्शन होऊन दुसराही. वडिलांनी फळीवर खिळे ठोकून त्याला अक्षरं शिकवली असं सांगतात, म्हणजे घरगुती साहित्य तिथेही होतंच. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तिथे व्हालांतँ हाउईंची पद्धत, जाड कागदावर नेहमीचीच अक्षरं दाबून उठवलेली, पुस्तकं अवजड, आणि एकेक अक्षराच्या कडेनं बोट फिरवत बसायचं. डोळसांना सोयीचं ते बोटांच्या गळ्यात मारलेलं, दुसरं काय!

मग सैन्यात राहिलेल्या शार्ल बार्बियेंनी ठिपक्यांची लिपी आणली. कल्पना भारी, पण एका चिन्हात बारापर्यंत ठिपके, सहा-सहाच्या दोन उभ्या रांगा, त्यामुळे बोट वर-खाली सरकवल्याशिवाय चिन्ह पूर्ण कळायचंच नाही. ब्रेलनं उंची निम्मी केली. सहाच ठिपके, बोटाच्या पेराखाली एका स्पर्शात मावतील एवढे. १८२४ मध्ये हे जमलं तेव्हा पोरगा पंधरा वर्षांचा होता! पुस्तक आलं १८२९ ला, तो वारला १८५२ मध्ये आणि फ्रान्सची सरकारी मान्यता १८५४ ला.

आपल्याकडे आधी वेगवेगळ्या ब्रेल लिप्या चालायच्या, १९५१ मध्ये सगळ्या भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. त्यात 'कि' लिहिताना वेलांटी क च्या नंतर येते, जशी तोंडातून येते तशी, मला तर हे आपल्या छापील लिपीपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

तर माझा ट्रे म्हणजे बार्बियेंच्याही मागे. आकृती पाठ झाली, बोट अडाणीच. शिवाय ट्रेला भिंती असतात, कागदाला नसतात, त्यामुळे सुटा ल आणि सुटा ळ बोटाला सारखेच, नुसती उभी रेघ. शेजारच्या अक्षरापासून किती लांब आहे त्यावरून ओळखायचं. खऱ्या ब्रेलमध्ये दोन ठिपक्यांत जेमतेम अडीच मिलिमीटर अंतर असतं.

आता लिंबं सरबताला गेली. जुन्या लग्नपत्रिका रबरी चपलेवर उलट्या ठेवून संपलेल्या बॉलपेननं मागून टोचते, म्हणजे सगळं आरशातल्यासारखं उजवीकडून डावीकडे. परवा आत्यानं 'बाळ'चं 'बाल' वाचलं. मी हसले, मग पत्रिका उजेडात धरली तर माझाच ळ डावीकडे सरकलेला.