साठीतला गुडघा पळतो तेव्हा

पन्नाशी ओलांडलेला माणूस पहाटे पळताना दिसला की परभणीत त्याला एक सल्ला हमखास मिळतो. ‘काका, नुसतं चाला की. पळून पळून वाट्या जातील.’ सांगणारा आपुलकीनंच सांगतो. त्याच्या घरात आई किंवा मावशी कठडा धरून जिना उतरत असते, शेजारच्या कुणाच्या तरी दोन्ही वाट्या नुकत्याच बदललेल्या असतात. त्यामुळे भीती समजण्यासारखी आहे. पण तिच्या तळाशी एक समज आहे: गुडघ्याला जन्मतःच पावलं मोजून मिळालेली असतात आणि पळणारा ती लवकर संपवतो. हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे शोधायला गेलं की गुडघ्याच्या आत जे काही चाललेलं असतं ते पाहून मी अजूनही थक्क होतो. त्याबद्दलच लिहायचं आहे.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारातले रस्ते पहाटे साडेपाचपासून जागे होतात. उन्हाळ्यात पाचलाच, कारण सातनंतर ऊन उभं राहू देत नाही. त्यात आमचा एक गट आहे. एसटीतून निवृत्त झालेले वाहक, दोन मास्तर, खताचं दुकान मुलाच्या हाती सोपवलेले मामा, आणि जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या ताई, ज्या निऱ्या जरा वर खोचून साडीवरच बूट घालून पळतात. बहुतेक साठीच्या अलीकडे-पलीकडे. शर्यतीचं कुणाच्या डोक्यात नाही. दोन बाजूंना तूर नाहीतर कापूस, मधून डांबरी रस्ता, आणि त्यावर बोलत बोलत संथ पळणं. कुणी दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत फोन जातो: ‘काय वो अण्णा, तब्येत बरी हाय ना?’

आधी आकडे सांगतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेम्स फ्राइज यांनी १९८४ मध्ये पन्नाशीपुढच्या पळणाऱ्यांच्या एका संघटनेतले ५३८ सदस्य आणि तुलनेसाठी ४२३ इतर लोक निवडले आणि वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. १९ वर्षांनी इतरांपैकी ३४ टक्के लोक हयात नव्हते, पळणाऱ्यांपैकी १५ टक्के. उठणं-बसणं, चालणं, कपडे घालणं यांतल्या अडचणीही पळणाऱ्यांना उशिरा सुरू झाल्या. त्यांतल्याच ४५ पळणाऱ्यांच्या आणि ५३ इतरांच्या गुडघ्यांचे एक्स-रे जवळपास दोन दशकं काढले गेले. शेवटी संधिवाताची झीज पळणाऱ्यांत २० टक्के आणि इतरांत ३२ टक्के जणांत दिसली. गट लहान आहे आणि मुळात धडधाकट माणूसच पळायला लागतो, त्यामुळे पळण्यानं गुडघे वाचतात असा पुरावा मी याला म्हणणार नाही. पण पळण्यानं ते जातात, हे म्हणणं मात्र इथं टिकत नाही. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा खुबा आणि गुडघ्याच्या झिजेचं प्रमाण हौशी पळणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांत १३.३ टक्के निघालं. हा तिसरा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता मुद्द्याकडे. मटणाच्या हाडाच्या टोकाला जो पांढरा, चकचकीत, बोटाला निसटता लागणारा थर असतो, तो म्हणजे कूर्चा. आपल्या गुडघ्यात मांडीच्या आणि नडगीच्या हाडावर तो साधारण दोन-तीन मिलिमीटर जाड असतो, वाटीच्या मागं त्याहून जाड. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. म्हणजे गुडघा दुखतो तेव्हा कूर्चा दुखत नसते, तिच्या खालचं हाड किंवा सांध्याचं अस्तर दुखत असतं. पेशी अगदी विरळ, एकूण घनफळाच्या एक-दोन टक्क्यांच्या घरात. बाकी सगळा पेशींनी बांधलेला पसारा, आणि त्याच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणी.

हे पाणी तिथं टिकतं कसं, हा माझ्या सर्वांत आवडीचा भाग आहे. कूर्चेत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची घट्ट जाळी असते आणि त्या जाळीत अ‍ॅग्रिकन नावाचे प्रचंड मोठे रेणू अडकवलेले असतात. अ‍ॅग्रिकनला शेकडो साखळ्या आणि प्रत्येक साखळीवर ओळीनं ऋण विद्युतभार. ऋणभार धनभाराला ओढतो, म्हणून भोवतालचे सोडियमचे आयन आत गोळा होतात. रक्तातल्या सोडियमच्या सुमारे दुप्पट सोडियम कूर्चेत सापडतो. आणि जिथं क्षार दाटतात तिथं परासरणानं पाणी शिरतं. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको, कारण आपली काळी माती याच तत्त्वावर चालते. तिच्यातल्या चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋणभार असतो, तो धन आयन धरून ठेवतो, आयन पाणी धरून ठेवतात. मृगाचा पाऊस पडला की शेत फुगतं आणि वैशाखात त्यालाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फरक इतकाच की कूर्चेला मोकळेपणानं फुगता येत नाही, कोलॅजेनची जाळी तिला आवळून धरते. त्यामुळे निरोगी कूर्चा आपण झोपलेलो असतानाही आतून हवेच्या दाबाच्या एक ते दोन पट दाबानं ताठलेली असते.

या ताठलेल्या थरावर पाऊल पडतं तेव्हा काय होतं? पळताना गुडघ्याच्या सांध्यावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट भार येतो, चालताना पावणेतीनपट. हा आकडा ऐकूनच लोक घाबरतात. पण भार पडताच आतलं पाणी बाहेर निघू पाहतं आणि जाळीतली भोकं नॅनोमीटरच्या मापाची असल्यामुळे त्याला वाटच मिळत नाही. हळूहळू पळणाऱ्याचं पाऊल जमिनीवर टेकतं ते पाव सेकंदाच्या आसपास. तेवढ्या वेळात पाणी हलतच नाही, नुसता त्याचा दाब वाढतो. भाराचा ९० टक्क्यांहून अधिक वाटा हे कोंडलेलं पाणीच उचलतं, घन जाळीच्या वाट्याला फार थोडा येतो. व्हॅन माउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये याचं गणित मांडलं. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं तर पाणी हळूहळू पाझरतं आणि भार जाळीकडे सरकत जातो. कूर्चेच्या हिशेबात आठपट भाराचा छोटा झटका सोपा, त्याहून कितीतरी कमी भाराचं लांबलेलं ओझं अवघड.

शिवाय पळणाऱ्याची ढांग लांब असते आणि पाय जमिनीवर कमी वेळ असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कापलेल्या प्रत्येक मीटरमागे सांध्यावर एकूण किती भार पडला ते मोजलं. शरीराच्या वजनाच्या पटीत तो पळण्यात ०.८० आणि चालण्यात ०.७५ निघाला, म्हणजे जवळपास सारखाच. विद्यापीठाच्या गेटपासून मागच्या शेतांपर्यंत चालत गेलात काय, पळत गेलात काय, अंतरामागे गुडघ्यानं सोसलेलं ओझं तेवढंच.

थोडं पाणी मात्र प्रत्येक पावलागणिक निघतंच. चुंबकीय स्कॅनमध्ये असं दिसलं की ५० बैठका मारल्यावर वाटीमागच्या कूर्चेचं घनफळ साधारण ६ टक्क्यांनी घटतं आणि पूर्ववत व्हायला दीड तासाहून जास्त लागतो. विश्रांतीत ती सांध्यातला द्रव पुन्हा आत ओढून घेते. ग्लुकोज आणि ऑक्सिजनचे छोटे रेणू तसे नुसत्या विसरणानंही, म्हणजे दाटीकडून विरळ जागेकडे आपोआप पसरत, आत पोहोचतात, पण मोठ्या रेणूंना या दाबण्या-सुटण्याची मदत होते. त्याहून मोठं काम पेशींमध्ये होतं. कूर्चेच्या पेशीच्या पडद्यावर कॅल्शियमची दोन प्रकारची दारं असतात. मध्यम, लयीत येणाऱ्या भारानं पेशीभोवतीचं क्षाराचं प्रमाण वरखाली होतं आणि टीआरपीव्ही४ नावाचं दार उघडतं. त्यातून पेशीला नवं अ‍ॅग्रिकन बनवण्याचा संदेश जातो. जोराचा, इजा करणारा दणका बसला तर पिएझो नावाची दारं उघडतात आणि तो कॅल्शियमचा लोंढा पेशीला मारतो. याच पिएझोच्या शोधासाठी आर्डेम पटापूटियन यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. भार एकच, पण किती आणि कोणत्या लयीत आला यावर पेशी बांधणार की मरणार हे ठरतं. आणि भार आलाच नाही तर? मणक्याला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या लोकांच्या गुडघ्यांतली कूर्चा वर्षभरातच पातळ झालेली आढळली आहे.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अ‍ॅग्रिकन आयुष्यभर नवं होत राहतं, कोलॅजेनची जाळी मात्र नाही. हे कळलं ते अणुचाचण्यांमुळे. १९५०-६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या चाचण्यांनी हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वाढला, उत्तर गोलार्धात १९६० च्या दशकाच्या मध्यावर तो जवळपास दुप्पट होता, आणि नंतर दरवर्षी उतरत गेला. वनस्पतींनी तो घेतला, अन्नातून तो माणसात आला. त्यामुळे शरीरातला एखादा भाग कधी बनला हे त्याच्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये गुडघ्यातल्या कूर्चेचं कोलॅजेन असं तपासलं. माणूस कितीही वयाचा असो, कोलॅजेन त्याच्या वाढीच्या वयातलंच निघालं. पुढं त्यात फारशी भर पडलीच नव्हती. आमच्या गटातले मामा १९७२ च्या दुष्काळात दहा-बारा वर्षांचे होते. रोजगार हमीच्या कामावर आईबरोबर खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीतला कार्बन आज ते पळतात तेव्हा त्यांच्या गुडघ्यात आहे. तीच जाळी. म्हणून ती तुटू न देणं महत्त्वाचं, आणि तिच्या रक्षणाचा मार्ग म्हणजे आतलं भरण ताठ ठेवणं.

हे समजलं की ‘वंगण वाढवणाऱ्या’ उपायांचं काय करायचं तेही समजतं. बाभळीच्या शेंगांची पूड खा, सात दिवसांत गुडघ्यात गॅप भरून येईल, असा संदेश दर हिवाळ्यात फिरतो. चुंबकाचे पट्टे, तांब्याची कडी, हजारो रुपयांची तेलं वेगळीच. निरोगी गुडघ्यात सांध्याचा द्रव असतोच मुळी चमचाभरापेक्षा कमी. गुडघ्यात तो साठला तर ती सूज असते. आणि पोटात गेलेली पूड जिथं रक्तवाहिनीच नाही तिथं जाऊन जाळी विणेल कशी? औषधांच्या दुकानातल्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांची तर रीतसर परीक्षा झालेली आहे: २००६ मध्ये १५८३ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत एकूण रुग्णांमध्ये त्या बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. पेन्शनीतला पैसा यात घालवणारी माणसं मी रोज पाहतो आणि मला त्याचं वाईट वाटतं.

मग पहाटेच्या गटाचा यात काय संबंध? माझ्या मते सगळाच. कूर्चेला दोन गोष्टी हव्यात, नेमानं येणारा भार आणि मर्यादेतला भार. साठीतल्या माणसाला एकट्यानं या दोन्ही पाळणं कठीण जातं. डिसेंबरात पारा एक आकडी झाला की गोधडीतून बाहेर कोण निघणार? पण वाहक काका चौकात थांबलेत हे माहीत असलं की माणूस निघतो. एकटा पळणारा एखाद्या दिवशी हुरूप येऊन वेग वाढवतो, गटात मात्र गप्पा चालू असतात. बोलता येईल इतक्याच वेगात पळणं हे मोजमाप शास्त्रशुद्ध आहे. श्रम एका पातळीपलीकडे गेले की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी श्वास एवढा वाढवतं की सलग वाक्य पुरं करता येत नाही. ताई पळता पळता सुनेची, नातवाच्या बारावीची, सोयाबीनच्या भावाची सगळी हकिकत न थांबता सांगतात, म्हणजे गट बरोबर वेगात आहे. १३.३ टक्के आकडा ज्यांचा होता, ते या मर्यादेच्या बाहेर वर्षानुवर्षं राबणारे लोक.

सोबतीचा आणखी एक परिणाम ऑक्सफर्डमध्ये मोजला गेला आहे. तिथल्या नौकानयन संघातल्या खेळाडूंनी यंत्रावर एकट्यानं आणि एकत्र, दोन्ही प्रकारे वल्हवलं. श्रम तेवढेच. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो किती आवळला की दुखतं ते पाहिलं. एकत्र वल्हवल्यानंतर वेदना सोसण्याची ताकद स्पष्टपणे जास्त होती. खेळाडू अवघे १२ होते आणि ते तरुण होते, पण पाचव्या किलोमीटरला गप्पांच्या नादात चढ कधी संपला ते कळत नाही, याचा अनुभव आमच्याकडे प्रत्येकाला आहे.

पळणं सगळ्यांसाठी नाही, हेही तितकंच खरं. गुडघ्यातला स्नायुबंध तुटलेला असेल, चकती काढलेली असेल, झीज आधीच पुढं गेलेली असेल किंवा वजन फार असेल तर हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळू नये. साठीनंतर नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं हृदयाची तपासणी आधी करावी. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना महिने लागतात, त्यामुळे अंतर वाढवण्याची घाई केली की पहिली तक्रार कंडराच करते. आमच्याकडे नवा माणूस आला की त्याला एक मिनिट पळायला आणि दोन मिनिटं चालायला लावतात, महिना-दोन महिने. पळून आल्यावर हलकं अंग दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला, गरम किंवा अडकल्यासारखा वाटला तर पळायचं नाही. पण त्या दिवशीही जमेल तसं चालत या, सगळे सव्वासातपर्यंत लिंबाखालच्या पारावर असतात, आणि रविवारी कुणीतरी घरून मुरमुऱ्यांचा सुशीला करून आणतं.