प्लमची थंडी मोजणारी कळी

गेल्या महिन्यात दादरच्या एका फळविक्रेत्याकडे पिवळसर सालीवर तांबडे ठिपके असलेली फळे दिसली. पेटीवर केवळ ‘इम्पोर्टेड प्लम’ असे लिहिलेले होते. त्याच आठवड्यात एका परिचितांनी मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली, जिच्यात असे फळ खाऊन झाल्यावर त्याची कोय फ्रिजमध्ये ठेवावी, मग कुंडीत लावावी आणि तीन वर्षांत गॅलरीतच प्लम तोडावेत, असे सांगितले होते. या चित्रफितीचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र मुंबईत खरा ठरणार नाही. तो का ठरणार नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी फळाची ओळख करून घेऊ. बाजारातील प्लम मुख्यतः दोन जातींचे असतात. मूळ चीनमधील, पण ‘जपानी’ म्हणून ओळखला जाणारा प्लम गोल किंवा हृदयाकृती आणि भरपूर रसाचा असतो व त्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. युरोपीय प्लम लांबट, बहुधा निळसर, घट्ट गराचा असतो आणि त्याची गुणसूत्रे ४८ असतात. कॅलिफोर्नियातील ल्यूथर बरबँक यांनी १८८५ साली जपानहून रोपे मागवून संकर सुरू केले आणि १९०६ मध्ये ‘सांता रोझा’ हे वाण दिले. बाहेरून तांबडे-जांभळे, आत पिवळसर गराचे आणि कोयीजवळ आंबट लागणारे हे वाण हिमाचल प्रदेशातही मोठ्या प्रमाणावर लावले जाते. साल काळी आणि गर पिवळा असेल तर ते ‘ब्लॅक अंबर’ असू शकते. गर रक्तासारखा लाल असेल तर ‘सत्सुमा’चा विचार करावा. दादरचे ठिपकेवाले फळ हे बहुधा प्लुऑट होते. प्लम आणि जर्दाळू यांच्या संकराचा पुन्हा प्लमशी संकर करून फ्लॉइड झायगर यांनी हा प्रकार विकसित केला. त्यात प्लमचा अंश अधिक असल्यामुळे जर्दाळूची लव त्याच्या सालीवर नसते.

फळावरच्या स्टिकरवरील आकड्यावरून वाण कळत नाही. प्लमच्या बाबतीत तो मुख्यतः रंग आणि आकार सांगतो. आकडा ८ ने सुरू झाला तर फळ जनुकबदल केलेले असते, हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा संदेशही चुकीचा आहे, कारण दुकानातील फळांवर तो आकडा त्या अर्थाने कधी वापरलाच गेला नाही. सालीवरची पांढरट पूड हे औषध नसून फळाने स्वतः तयार केलेले मेण आहे.

आता कोयीकडे वळू. कोयीतले बी लगेच रुजत नाही, कारण त्यातील अ‍ॅब्सिसिक आम्ल अंकुराला रोखून धरते. ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये कोय घालून ती फ्रिजमध्ये २ ते ५ अंश सेल्सियसला दोन-तीन महिने ठेवली, तर ही रोखण हळूहळू सैल होते आणि बी रुजते. उगवलेले रोप आईसारखे निघेल याची मात्र खात्री नसते; वाण टिकवायचे तर डोळा भरून कलमच करावे लागते. कोय फोडलीत तर आतले कडू बी खाऊ नये. ‘बी-१७ जीवनसत्त्व’ म्हणून त्याची जाहिरात होते, परंतु असे कोणतेही जीवनसत्त्व नाही. त्यातील अ‍ॅमिग्डॅलिनपासून पोटात सायनाइड तयार होते आणि ते कर्करोग बरा करत नाही.

रोप वाढले की खरा प्रश्न उभा राहतो. बियाला थंडी एकदाच लागते, झाडाच्या प्रत्येक कळीला मात्र ती दरवर्षी लागते. थंड प्रदेशात शरद ऋतूत पाने गळतात आणि कळ्या सुप्तावस्थेत जातात. ही झोप साधी नसते. या काळात अधूनमधून चार उबदार दिवस आले तरी कळी उमलत नाही, आणि त्यामुळेच ती पुढच्या हिमापासून वाचते. वसंत खरोखर आला आहे हे ओळखण्यासाठी कळी केवळ उष्णता पाहत नाही. आधी किती थंडी होऊन गेली, याचा ती हिशोब ठेवते.

हा हिशोब कोठे लिहिला जातो, हे प्लमच्या जवळच्या नातलगामुळे, म्हणजे पीचमुळे उलगडले. दक्षिण मेक्सिकोत कधीच सुप्तावस्थेत न जाणारे पीचचे झाड आढळले होते. त्याच्या गुणसूत्रावर ओळीने असणाऱ्या ‘डॅम’ नावाच्या सहा जनुकांच्या पट्ट्यातील मोठा तुकडा गळालेला असून सहाही जनुके मुकी आहेत, असे २००८ मध्ये दाखवण्यात आले. सामान्य झाडात ही जनुके हिवाळ्याच्या तोंडावर जागी होतात आणि वाढ थांबवतात. पुढे आठवडेच्या आठवडे थंडी मिळाली की ती एकेक करून शांत होतात. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, त्या रिळांवर या जनुकांच्या जागी मिथिल गटांच्या खुणा साठत जातात, रिळे घट्ट होतात आणि जनुक वाचले जाणे बंद होते. म्हणजे एका थंड रात्रीने काही होत नाही; खुणा पुरेशा साठाव्या लागतात, आणि त्यानंतरच ऊब मिळाल्यावर कळी फुलते.

बागायतदार हाच हिशोब तासांत मांडतात. यूटामध्ये १९७४ साली पीचसाठी तयार झालेल्या पद्धतीत सुमारे २.५ ते ९ अंशांमधील प्रत्येक तासाला पूर्ण एक गुण मिळतो, आणि तापमान १६ अंशांच्या वर गेले की मिळवलेले गुण वजा होऊ लागतात. मुंबईत जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण १६-१७ अंशांवर आणि दुपारचा तिशीच्या आसपास असतो. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश इतके नीचांकी तापमान नोंदले गेले, पण तशा पहाटेची कमाईही नेहमीच्या एक-दोन दुपारी खाऊन टाकतील. येथे बेरीज कायम उणेच राहते. पंजाबच्या मैदानात पिकणारी ‘सतलज पर्पल’ आणि ‘काला अमृतसरी’ ही वाणे थोड्या थंडीवर भागवतात, परंतु तेवढीही मुंबईत मिळत नाही. शिवाय ‘सतलज पर्पल’ स्वतःच्या परागाने फळत नाही. त्याच्या शेजारी ‘काला अमृतसरी’ लावावे लागते.

कुंडीत बर्फाचे खडे घालण्याचा सल्लाही दिला जातो. तो निरुपयोगी आहे, कारण थंडी मुळे मोजत नाहीत. प्रत्येक कळी आपापली थंडी स्वतंत्रपणे मोजते. एकाच झाडाची एक फांदी उबदार काचघरात आणि बाकीचे झाड बाहेर थंडीत ठेवले, तर वसंतात बाहेरच्या फांद्या फुलतात आणि आतली मागे राहते. नाशिकचे द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावतात व परदेशात प्लमच्या बागांतही ते वापरतात. मात्र ते थंडीची थोडीच तूट भरून काढते, आणि विषारी असल्याने घरच्या गॅलरीत त्याला जागा नाही.

माझ्या गॅलरीत हिमाचली प्लमच्या कोयीपासून वाढवलेले एक रोप आहे. त्याचा हा दुसरा हिवाळा. निम्मी जुनी पाने अजून फांदीला चिकटून आहेत, शेंड्यावरचे दोन डोळे तेवढे फुटले आहेत आणि खालचे सारे डोळे मिटलेले आहेत.