एक बाजार, अनेक कॉपीराइट

क्लिफ रिचर्ड या ब्रिटिश गायकाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क डेन्मार्कमध्ये संपला होता, जर्मनीत मात्र शिल्लक होता. मग डेन्मार्कमधून आलेल्या त्या रेकॉर्ड जर्मनीत विकायच्या की नाही? जानेवारी १९८९मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने कौल दिला: देशोदेशीच्या मुदती वेगळ्या आहेत तोवर हक्कदार ही विक्री अडवू शकतो. युरोपीय समुदायाच्या, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या, सदस्य देशांमधली जकात १९६८मध्येच उठली होती. कॉपीराइटचे नाके मात्र तसेच उभे होते.

हे नाके हटवण्यासाठी कायदे जुळवणे सुरू झाले. १९९१मध्ये सॉफ्टवेअरचा निर्देश (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा युरोपीय नियम) आला, १९९३मध्ये मुदतीचा. बहुतेक देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क टिके, जर्मनीत ७०. सुवर्णमध्य वगैरे कोणी काढला नाही, सगळ्यांनाच ७०वर नेले. दिलेला हक्क काढून घेण्यापेक्षा वाढवून देणे राजकीयदृष्ट्या सोपे, हे उघड आहे. परिणामी काही देशांत मुक्त झालेली पुस्तके पुन्हा कुंपणात गेली.

इंटरनेटसाठीचा मुख्य निर्देश २००१चा. त्यात हक्क सगळीकडे सक्तीचे झाले, पण परवानगीशिवाय वापराच्या २१ सवलतींपैकी फक्त एकच सक्तीची ठरली: नेटवर माहितीची ने-आण होताना आपोआप बनणाऱ्या तात्पुरत्या प्रतींची. विडंबन, अध्यापन, खासगी प्रत यांचा निर्णय तेव्हा ज्या त्या देशाने करायचा होता. ऑनलाइन व्यवसायाला हे फार महागात पडले, कारण एका देशात चालणारी सेवा शेजारच्या देशात चालेलच याची खात्री उरली नाही.

शिवाय परवाने आजही देशागणिक विकले जातात. चित्रपटाचे भांडवल तर अनेकदा चित्रीकरणाआधीच एकेका देशाचे हक्क विकून उभे राहते. म्हणून २०१८मध्ये ग्राहकाला देशावरून अडवण्यावर निर्बंध आले तेव्हा दृकश्राव्य सेवा वगळल्या गेल्या. त्याच वर्षी एप्रिलपासून मात्र प्रवासात आपली वर्गणी सोबत नेण्याची मुभा मिळाली. मुक्कामी देशातली सेवा घेण्याची नव्हे.

२०१९च्या निर्देशाने वापरकर्त्यांनी चढवलेल्या मजकुराची जबाबदारी मोठ्या ऑनलाइन मंचांवर टाकली. ही जबाबदारी टाकणाऱ्या कलम १७ला पोलंडने दिलेले आव्हान युरोपीय न्यायालयाने २०२२मध्ये फेटाळले. पण जर्मनीने अंमलबजावणीच्या कायद्यात स्वतःची मापे घातली: चित्रफितीचे १५ सेकंद, मजकुराची १६० अक्षरे किंवा १२५ किलोबाइटचे चित्र इथपर्यंतचा बिगरव्यापारी वापर किरकोळ मानता येतो. ही मापे मूळ निर्देशात कुठेच नाहीत.