शून्य भारांकाचा निकष : नेमणुकीतल्या फझी गणिताची पार्श्वभूमी

‘काम चांगलं आहे’, ‘अनुभव जेमतेम’, ‘साइट सांभाळेल बहुतेक’. मोठ्या प्रकल्पावर कोणाला कुठे नेमायचं हे अशाच बोलीत ठरतं. या शब्दांना गणितात जागा करून देणारी कल्पना म्हणजे फझी (धूसर) संच: एखादा शब्द लागू पडतो की नाही एवढंच न विचारता, किती लागू पडतो हे शून्य ते एकमध्ये सांगायचं. ती १९६५ सालची, अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातली. १९७० मध्ये ती निर्णयप्रक्रियेला लावली गेली, पण नाव झालं ते यंत्रांमुळे: आधी लंडनच्या प्रयोगशाळेतल्या वाफेच्या इंजिनाचं नियंत्रण, मग १९८७ ची जपानमधल्या सेंदाईची भुयारी रेल्वे.

माणसांची निवड १९८३ मध्ये आली. निकषांची दोन-दोन करून तुलना करायची आणि भारांक, म्हणजे प्रत्येकाच्या महत्त्वाचे आकडे, काढायचे, ही एएचपी (ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस) पद्धत तोवर रुळली होती. नेदरलँड्समधल्या दोघा संशोधकांनी तिच्यात एका आकड्याऐवजी त्रिकोणी संख्या घातली, म्हणजे किमान, बहुधा आणि कमाल. त्यांचं नमुना-उदाहरणच मुळी प्राध्यापक निवडण्याचं होतं. अभियंत्यांना हे तीन आकडे परके वाटले नसावेत; १९५८ च्या पर्ट या प्रकल्प-नियोजनाच्या पद्धतीपासून प्रत्येक कामाला तीन मुदती देण्याची सवय होतीच. घोळही तिथूनच होतो. पर्टमधले आकडे संभाव्यतेचे. फझी गणितातलं ‘अनुभवी ०.७’ म्हणजे माणूस टिकण्याची शक्यता ७० टक्के नव्हे. ‘अनुभवी’ हा शब्द त्याला कितपत लागू पडतो, एवढंच.

खरा वाद १९९६ च्या एका सोप्या रीतीचा. जुन्या पद्धतीतली आकडेमोड किचकट होती. नव्या रीतीत दोन त्रिकोण शेजारी ठेवायचे आणि एक दुसऱ्यापेक्षा मोठा किंवा निदान बरोबरीचा असण्याला किती वाव आहे ते पाहायचं. प्रत्येक निकषाची इतर सर्वांशी अशी तुलना करून सर्वांत लहान उत्तर हाच त्याचा भारांक. समजा, बोगद्याच्या कामाचा प्रमुख निवडायचा आहे. तांत्रिक अनुभवाचा त्रिकोण (०.३, ०.४, ०.५) आणि सुरक्षेच्या नोंदीचा (०.०५, ०.१, ०.२) आला. दुसऱ्याचं वरचं टोक पहिल्याच्या खालच्या टोकालाही शिवत नाही. उत्तर शून्य, म्हणून सुरक्षेचा भारांकही शून्य. समितीने ‘कमी महत्त्वाचं’ म्हटलं होतं, ‘बिनमहत्त्वाचं’ नव्हे. तरी अपघातांची नोंद कितीही वाईट असलेला उमेदवार त्यापायी एक दशांशही गमावत नाही. याला तांत्रिक बारकावा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. २००८ मध्ये हा दोष उदाहरणांसह मांडला गेला: या रीतीतून निघणारे आकडे निकषांचं सापेक्ष महत्त्व दाखवतच नाहीत. रीत मात्र वापरात राहिली, कारण ती एक्सेलच्या शीटवर बसते.

दरम्यान २००० मध्ये आदर्श उमेदवारापासूनचं अंतर मोजणारी टॉप्सिस पद्धत फझी झाली. तिचं उदाहरण सॉफ्टवेअर कंपनीतल्या अभियंत्याच्या भरतीचं: तीन उमेदवार, तीन परीक्षक, पाच निकष. ‘चांगला’ म्हणजे (७, ९, १०). निकषांत आत्मविश्वासही होता. तो मुलाखतीच्या अर्ध्या तासात कसा जोखायचा, हे गणिताच्या कक्षेबाहेरचं.

एएचपीच्या जनकालाच हे सगळं अमान्य होतं. दोन निकषांची तुलना करताना दिलेला आकडा मुळातच अंदाजाचा असतो, त्याला आणखी धूसर केल्याने उत्तर सुधारतं असं मानायला आधार नाही, असं त्याने सहलेखकासोबत २००७ मध्ये लिहिलं.